मुकुंद, तुझा चर

मुकुंद, तुझी शोकसभा मोठी झाली. मेल्या म्हशीला मणभर दूध, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे, पण तू इतका दुभता निघशील असं वाटलं नव्हतं. मंडळाच्या हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या. एकजण तुला अजातशत्रू म्हणाला. तुझी बदली व्हावी म्हणून ज्या साहेबांनी नवस बोलला होता, त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. तुझ्याशी अबोला धरून बसलेल्या सक्सेनांनी तू त्यांना धाकट्या भावासारखा होतास असं सांगितलं. तुमच्यात नेमकं काय बिनसलं होतं ते मला माहीत असल्यामुळे मी पंख्याकडे बघत बसले. माइक धरलेल्या मुलीने विचारलं, "मॅडम, दो शब्द?" मी मान हलवली. माझं बोलणं दोन शब्दांत मावणारं नव्हतं आणि ते त्या हॉलसाठी नव्हतं. ते तुझ्यासाठी होतं, आणि त्यातलं बहुतेक भांडणच होतं.

शेवटी उठला तो मॅनेजर. आपल्या त्या बंद दगडखाणीच्या मालकाचा मॅनेजर, कपाळावर टिळा, हातात दोन फोन. तू त्याला गुलाबजाम म्हणायचास, कारण दर तपासणीला तो मिठाईचा डबा गाडीत ठेवायचा आणि तू तो दर वेळी उचलून त्याच्याच गाडीच्या टपावर नेऊन ठेवायचास. सगळ्यात मोठा हार त्याचा होता. गळा दाटून आल्यासारखं करत तो म्हणाला, "साहब ने हमारी खदान के रास्ते पर प्राण त्यागे. हम वो गड्ढा भरवा देंगे. नीचे पाइप डालेंगे, ऊपर पक्की रोड. और गेट लगेगा, साहब के नाम का." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या, मुकुंद. आणि पहिल्या रांगेत बसलेल्या सुनंदा वहिनींचा चेहरा तू गेल्यापासून पहिल्यांदा जरा सैल झाला.

बाहेर पायऱ्यांवर वहिनींनी माझा हात धरला. "नीला, ते काम आता तुझ्याकडे आलंय ना? मग माझं एवढं कर. तो रस्त्यातला चर बुजव. तो अजून तिथे आहे हे आठवलं की घास घशाखाली उतरत नाही. आणि यांचं नाव लागतंय तर लागू दे." मी म्हटलं, बघते. आपल्या ऑफिसात 'बघते' कधी म्हणतात ते वहिनींना माहीत नव्हतं. तुला चांगलं माहीत आहे.

आपण काय काम करतो ते कोणाला कधी कळलं नाही. माझी आईसुद्धा विचारायची, "खाण बंद आहे ना? मग तपासता काय?" तू तिला नीट समजावून सांगितलं होतंस, आमच्या तुळशीनगरच्या क्वार्टरमध्ये पोह्यांची बशी हातात धरून. म्हणालास, "काकू, दुकान बंद केलं की शटर ओढता येतं. खाणीला शटर नसतं. माणसं निघून जातात, पण मातीचा डोंगर मागे राहतो, पाणी वाहत राहतं आणि रस्ता वर जात राहतो. ते पाणी कोणाच्या घरात जातं आणि त्या रस्त्याने कोण जातं, एवढंच आम्ही बघतो." आई म्हणाली, मग हे चांगलं काम आहे की रे. तू म्हणालास, "चांगलं आहे, पण केलं की कोणाला आवडत नाही."

तुझं केलेलं मलाही पुष्कळदा आवडलं नाही. तू नसताना गोड व्हायचं मला जमणार नाही, म्हणून आधी टँकरचं बोलते.

त्या खाणीखाली टोला आहे, पंचवीस-तीस घरांची वस्ती. आधीच्या पावसात ढिगाऱ्यावरचा गाळ वाहून येऊन त्यांची विहीर भरली होती. मॅनेजर म्हणत होता, विहीर आपोआप बसली, आमची नाली ठणठणीत आहे. आपण भर एप्रिलमध्ये गेलो. कोरडी नाली कोणाचीही ठणठणीतच दिसते. तू म्हणालास, पाणी आणा, बघू कुठे जातं. मॅनेजरने टँकर बोलावला, आणि टँकर दिसताच टोल्यातल्या बाया हंडे घेऊन धावत वर आल्या. त्यांना वाटलं, आपल्यासाठी आला. तू त्यांच्यादेखत तो सगळा टँकर नालीच्या वरच्या तोंडाशी मोकळा केलास. मी म्हटलं, अर्धा तरी दे त्यांना. तू म्हणालास, अर्ध्याने वळणापर्यंत पाणी पोचणार नाही. एक म्हातारी तुझ्या बुटांशेजारी बसून वाटीने चिखलातलं पाणी हंड्यात भरत होती. तू तिला "अम्मा, हटो" म्हणालास आणि पाण्याबरोबर खाली चालू लागलास.

पाणी वळणावर फुटलं आणि सरळ विहिरीच्या दिशेने गेलं. मॅनेजरचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पण मी ते बघितलं नाही, मी त्या बायांकडे बघत होते. परतताना मी पुढच्या सीटवर बसले आणि होशंगाबाद रोडला लागेपर्यंत तुझ्याशी बोलले नाही. तू मागून म्हणालास, "मास्तरीणबाई, शिक्षा संपली की सांगा." मी म्हटलं, तुला लाज नाही. तू म्हणालास, "आहे. पण ती संध्याकाळी वाटते. दुपार कामाची असते."

पुढे नाली नवी बांधून घेतलीस, मालकाकडून विहीर उपसून घेतलीस, आणि त्यानंतरचा पावसाळा संपल्यावर मला विहिरीचा एक फोटो पाठवलास. फोटोत नुसतं पाणी होतं. खाली एक ओळही नाही. दुसरा कोणी असता तर शेखी मिरवली असती. तुझं ते न बोलणं मला जास्त लागलं. त्या फोटोला मी उत्तर दिलं नाही. आपलं ते भांडण तिथेच राहिलं, आणि आता ते मला एकटीला चालवावं लागतंय. सांगून ठेवते, म्हातारीला एक हंडा देऊनही पाणी वळणापर्यंत पोचलं असतं. मरून तू सुटला नाहीस.

चराची गोष्ट त्यानंतरची. बंद खाणीतून चोरून दगड काढणारे ट्रक वर जायला लागले होते. त्यांच्या चाकांनी रस्त्याची कड खचायची, कडेबरोबर नाली ढासळायची आणि पाणी पुन्हा टोल्याकडे वळायचं. तू हुकूम काढलास, पायथ्याशी रस्ता आडवा कापा. एका बाजूला खाणीचा खड्डा, दुसऱ्या बाजूला ढिगारा, त्यामुळे चराला वळसा घालायची सोय नाही. वरच्या नालीचं पाणीसुद्धा तू त्याच चरातून खड्ड्यात काढून दिलंस. एका दगडात दोन पक्षी. पहिल्यांदा त्यांनी खणला तो तुला पसंत पडला नाही. "इसको तो डंपर हँसते हँसते पार कर लेगा," असं म्हणून तू तो पुन्हा खणायला लावलास, आत माणूस उभा राहिला तर वरून नुसती टोपी दिसेल इतका खोल. चालत जाणाऱ्यांसाठी दोन्ही बाजूंना पायऱ्या खणून घेतल्यास. मी विचारलं, वर कोणाला काही झालं तर? तू म्हणालास, "वर कोणी राहत नाही." पुढचं मी बोलले नाही, कारण तेव्हा मला सुचलं नाही. वर आपण जातो, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या जिवाची काळजी करायचा पगार घेऊन आपण स्वतःला त्यात धरायलाच विसरलो होतो.

त्या दिवशी सकाळी आपण पोचलो तेव्हा चरावर ओंडके टाकलेले होते. टोल्यातल्या पोरांनी मोटरसायकल पलीकडे नेण्यासाठी टाकले होते, सरपण आणायला. ओंडक्यांच्या बुडाशी पालापाचोळा अडकून पाणी तुंबलं होतं. हल्के नावाचा चौकीदार हात जोडून म्हणाला, "रहन दो साहब, लड़के लकड़ी ले आते हैं." तू म्हणालास, "आज मोटरसायकल, कल ट्रैक्टर, परसों डंपर. निकालो." त्याने आणि आपल्या ड्रायव्हरने ओंडके काढले. कडेला ठेवले तर पुन्हा टाकतील म्हणून तू ते खाणीच्या खड्ड्यात ढकलून द्यायला लावलेस. मग नेहमीसारखी वाटणी झाली. वरची नाली आणि रस्ता तुझ्याकडे, खालचं, गाळ अडवायचं तळं माझ्याकडे. तू पायऱ्या उतरलास, पलीकडच्या चढलास, आणि मागे न बघता हल्केबरोबर वर गेलास. निरोप घ्यायची तुला कधीच सवय नव्हती.

हल्के पळत आला तेव्हा त्याच्या पायात चप्पल नव्हती. साहब बैठ गए हैं, पसीना आ रहा है, एवढंच तो सांगू शकला. ड्रायव्हरने गाडी चरापर्यंत आणली आणि तिथे ती थांबली. थांबणारच. तू काम करून घेतलंस म्हणजे त्यात खोट कुठली असणार? सकाळचे ओंडके असते तर हल्केने टोल्यातल्या एखाद्या पोराच्या मोटरसायकलवर तुला मध्ये बसवून आणलं असतं. ओंडके खड्ड्याच्या तळाशी, पाण्यात पडले होते. हल्के टोल्याकडे खाट आणायला पळाला. ड्रायव्हर दगड उचलून चरात टाकायला लागला. मीही टाकले. दिसेल तो दगड उचलायचा आणि टाकायचा. नखं तुटली. गाडी जाण्याइतका भराव व्हायला दिवस लागला असता हे मी, रस्त्यांच्या तपासण्या करण्यात हयात घालवलेली बाई, चांगलं जाणत होते. तरी टाकत राहिले.

चार माणसं खाट घेऊन वर गेली आणि तुला घेऊन आली. त्यांच्यामागून टोल्यातल्या बायाही आल्या होत्या. त्यातली एक दुसरीला म्हणाली, "वही है, टैंकर वाला." खाट त्या चौघांनी नीट धरली होती. पलीकडच्या काठावर तू शुद्धीत होतास. माझ्याकडे बघितलंस, पण बोललास खाटेच्या पुढच्या माणसांशी. "तिरछे उतरो." एवढंच. पायऱ्या अरुंद होत्या, आम्ही टाकलेल्या दगडांनी खालची जागा आणखी अडली होती, खाट दोनदा टेकवावी लागली. अलीकडच्या काठावर आणेपर्यंत तू बोलायचा थांबला होतास. सुनंदा वहिनींसाठी नाही, माझ्यासाठी नाही, तुझे शेवटचे शब्द खाट कशी उतरवायची त्याबद्दल होते. शोकसभेत कोणीतरी सांगितलं की तू शेवटच्या क्षणी देवाचं नाव घेतलंस. मी खोडलं नाही. एरवी खोडलं असतं.

तुला खाटेसकट गाडीत घालून नेलं. हार्ट अटॅक, डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणायला हवं होतं. डॉक्टरांचं हे वाक्य ठरलेलं असतं, पण या वेळी ते खरं होतं. आणि संध्याकाळी हल्केचा फोन आला. मला वाटलं, तुझं विचारायला केला. त्याने तुझं विचारलंही. मग अडखळत म्हणाला, "मैडम, वो खटिया... जिनकी है वो पूछ रहे हैं." मी ड्रायव्हरबरोबर खाट परत पाठवली. तुला हे आवडलं असतं. तू हसून म्हणाला असतास, बरोबर आहे, त्यांनी झोपायचं कशावर?

शोकसभेनंतरच्या सोमवारी मी तपासणीला गेले. एकटी. मोठ्या साहेबांनी जाताना सांगितलं, "देख लीजिए, भाभीजी की भी इच्छा है. कंपनी खुद खर्चा कर रही है. आप लिख दें तो हो जाएगा." मॅनेजर आधीच हजर होता, नकाशा घेऊन. पाइप कुठे, गेट कुठे, तुझं नाव किती मोठ्या अक्षरात. मी विचारलं, पाइप केवढा? त्याने सांगितलं. पहिल्याच पावसात पाल्याने आणि मुरुमाने तो पाइप गच्च भरला असता. हे त्याला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हेही त्याला ठाऊक होतं. पाइप तुंबला तरी त्याचं काही अडणार नव्हतं, वर पक्का रस्ता राहणार होता आणि तुझ्या नावाच्या गेटातून डंपर जाणार होते. ज्या मालकाच्या नाकावर टिच्चून तू रस्ता कापला होतास, त्याने तुझ्या तिरडीवरून रस्ता काढायचा बेत केला होता.

चरात आम्ही त्या दिवशी टाकलेले दगड तसेच पडले होते. त्यांच्या मागे गाळ साचायला लागला होता, आणि गाळामागे पाणी रस्त्याच्या कडेकडे सरकत होतं. रस्त्यावर एक ओली रेघ टोल्याच्या दिशेने उतरलेली मला दिसली. बोटभर रुंद होती, जास्त नाही. मी तिच्यामागे चालत खाली गेले. ती विहिरीपर्यंत पोचली नव्हती. पावसात पोचली असती.

मी मॅनेजरला म्हटलं, हे दगड काढा. तो म्हणाला, "मैडम, ये तो साहब को बचाने के लिए..." मी म्हटलं, हो, मीच टाकलेत. काढा. हल्के खाली उतरला. त्याने एक दगड उचलला, माझ्याकडे बघितलं, आणि वर फेकला. मग त्याने पुन्हा माझ्याकडे बघितलं नाही. सगळे निघेपर्यंत मी तिथे उभी राहिले. त्यातला कुठला दगड माझा आणि कुठला ड्रायव्हरचा, मला ओळखू येत नव्हता. मी रडले, मुकुंद, आणि मॅनेजरने ते बघितलं. त्याला वाटलं, आता बाई विरघळली. तो पुन्हा गेटाबद्दल बोलायला लागला. मी रिपोर्टात लिहिलं की चर आहे तसा राहील, रस्ता उघडायला परवानगी नाही, आणि रस्त्याला किंवा गेटला कोणाचंही नाव देण्याचा प्रश्न येत नाही. शेवटचं वाक्य आपल्या कामाच्या कक्षेत बसत नाही. मोठे साहेब तेच म्हणाले. मी ते खोडलं नाही.

मग बागसेवनियाला वहिनींकडे गेले. त्यांना बाहेरून कळण्याआधी मला सांगायचं होतं. त्यांनी चहा केला. तुझ्या खुर्चीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता, तू गेल्यापासून कोणी तो उचलला नव्हता. मी सांगितलं, चर बुजवणार नाही. का तेही सांगितलं, ट्रक, नाली, टोला, विहीर, सगळं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "नीला, खरं सांग. चर नसता तर हे वाचले असते?"

मुकुंद, त्या क्षणी मला सगळ्या सोप्या वाटा दिसत होत्या. कोण सांगू शकतं, वहिनी. देवाची मर्जी, वहिनी. माझ्या जागी दुसरी कोणी असती तर तिने त्यातली एक धरली असती, आणि तिला कोणी नावं ठेवली नसती. मी म्हटलं, "हो. बहुतेक वाचला असता."

"आणि तरी तू तो ठेवलास."

"ठेवला."

वहिनींनी माझ्यापुढचा कप उचलला. त्यात अर्धा चहा होता. तो त्यांनी आत नेऊन मोरीत ओतला, कप विसळला आणि परत येऊन म्हणाल्या, "तुम्ही दोघं एकाच मातीचे. आता तू येत जाऊ नकोस." आवाज चढवला नाही. मी उठले, चपला घातल्या. दार लावताना त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि तुझ्या बायकोच्या डोळ्यांत मी त्या चरापेक्षा वेगळी उरले नव्हते.

तुझ्यासाठी हे केलं असं तुला वाटायला नको. खाली माणसं राहतात म्हणून केलं. तुझ्यासाठी करायचं असतं तर त्या सोमवारी मी तो चर हातांनी बुजवला असता, आणि पुढे टोला वाहून गेला असता तरी त्याचं मला काही वाटलं नसतं.